चौकट, नळी आणि खिसा



कामगार संघटनेचा माणूस रिव्हॉल्वरवर काय बोलणार, असा प्रश्न पुष्कळांच्या चेहऱ्यावर आम्हांला दिसतो आहे. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत डॉ. दत्ता सामंतांना त्यांच्या गाडीतच गोळ्या घालण्यात आल्या. तेव्हापासून आमच्या सहकाऱ्यांनी ‘परवाना काढा’ म्हणून धोशा लावला. आमची शाळा म्हणजे फिटरचे बाक. हत्यार हाती घ्यायचे तर आधी ते समजून घ्यावे, ही तिथलीच शिकवण.

रिव्हॉल्वरचा सांगाडा म्हणजे चौकट. तिच्यात काडतुसांचे चक्र फिरते. नळी आणि मूठ तिलाच जोडलेली. अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसन कारखान्याने चौकटींना अक्षरे दिली आहेत. १९५० साली आलेली ‘जे’ लहान, .३८ ची पाच काडतुसे घेणारी. ‘के’ मध्यम, सहांची. ‘एन’ थोराड, .४४ मॅग्नमसारखे दांडगे काडतूस पेलणारी. (‘के’ आणि ‘एन’ यांच्या मधली ‘एल’ १९८० साली आली.) पोलादी ‘जे’ सुमारे साडेपाचशे ग्रॅम, तर चार इंची ‘के’ जवळजवळ किलोभर. काडतूस तेच घातले तर निम्म्या वजनाचे हत्यार दुप्पट वेगाने मागे उसळते. खिशात जे गुणी, ते हातात द्वाड! शिवाय घोडा आधी न ओढता नुसता चाप दाबायचा, तर बोटाला काही किलोंचा जोर लावावा लागतो. तेवढ्यात हलके हत्यार नेमावरून ढळते.

लांब नळीची गोळी सरळ जाते, हा समज अर्धाच खरा. शेगड्यात आवळून उडवले तर आखूड नळीही नेम राखते. चुकतो तो आपला डोळा. तोकड्या पट्टीने लांब रेघ आखून पाहा, म्हणजे कळेल. पुढची माशी आणि मागची खाच यांत दहा सेंटीमीटर अंतर असेल आणि माशी एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर गोळी दहा सेंटीमीटर चुकते. अंतर वीस असेल तर पाच. आखूड नळीत गोळीचा वेगही घटतो.

बाळगताना मात्र नळीचा फारसा जाच नाही. उभ्या माणसाच्या मांडीलगत ती खाली जाते. सदऱ्याखाली फुगतो तो चक्राचा घेर, आणि पाचांचे चक्र सहांच्यापेक्षा बारीक. पण बसलात की सहा इंची नळी गादीला टेकते आणि मूठ बरगडीत शिरते. अमेरिकेतल्या गणवेशधारी पोलिसांनी अनेक दशके चार इंची ‘के’ वापरली आणि साध्या वेशातल्यांनी दोन इंची, ती यामुळेच. आपल्या कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ काढले, तेही सुमारे पाचशे ग्रॅमचे. त्याचे .३२ चे काडतूस सौम्य, म्हणून ते हलकेपण सोसते.

आमचा दिवस जातो गाडीत आणि गेट मीटिंगमध्ये. बसल्या जागी लपेल आणि चटकन हाती येईल ते लहान चौकटीचे, दोन इंची नळीचे. आणि सराव सर्वांत जास्त मागणारेही नेमके तेच. तो सराव आम्ही करायचा कधी? परवान्याचा अर्ज कपाटात आहे, कोराच.