धंदा स्वतःचा, घंटा बाहेरची

नाचणगावात स्वतःचा धंदा करणाऱ्या ‘एडीएचडी’ग्रस्त माणसाची कामं अर्धवट राहिली, की लोक आळस म्हणून मोकळे होतात. पण लहानपणापासूनच्या या मेंदूविकासाच्या अवस्थेत काम समजतं; सुरुवात आणि वेळेचा अंदाज मात्र निसटतो. नोकरीत साहेब आणि हजेरी ही उणीव सावरतात, स्वतंत्र धंद्यात ती उघडी पडते. म्हणून निव्वळ जिद्दीपेक्षा बाहेरची चौकट हवी: गजर, समोर लिहिलेलं एकच काम, शेजारी बसून आपलं काम करणारा सोबती. गांधीजी १९३६मध्ये राहायला गेले, त्या आपल्याच जिल्ह्यातल्या सेवाग्राममध्येही दिवस असाच घंटेवर चाले, सूतकताई एकत्र होई. पण बाहेरच्या घंटेवर चालायचं, तर धंद्यातलं स्वातंत्र्य कुठे उरलं? घंटेची वेळ आपणच ठरवायची, गजर कानाआड होऊ लागला की तो बदलायचा. तेवढ्यानं भागलं नाही, तर मानसोपचारतज्ज्ञ आणि औषधं आहेतच.