बाणकोटच्या खाडीत बाबा बोलले

मागच्या भागात म्हटलं होतं, समुद्राकाठच्या रोडट्रिपबद्दल बोलेन. बोलतो. पण रील्समध्ये दिसते तशी ही ट्रिप नाहीये, आधीच सांगतो.

आम्ही अंबरनाथचे, बुवापाड्यातले. गाव केळशीजवळ, दापोली तालुका. गावी जायचं म्हणजे हायवे, कशेडी घाट आणि बाबांचं "थांबायचं नाही हं कुठे!" हे ठरलेलं. यंदा दिवाळीनंतर मात्र बाबा स्वतःच म्हणाले, "किनाऱ्याने जाऊ. आईला समुद्र दिसेल." मी खूश. शंका यायला हवी होती खरं तर.

सेकंडहँड वॅगनआर. पुढे बाबा आणि मी, मागे आई आणि आजी. आजी ८१ वर्षांची. पनवेल, पेण, माणगाव, म्हसळा करत दिवेआगर. तिथून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता आहे ना, तो एकदा तरी करा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काळे खडक आणि त्यांवर आपटणारं पाणी. १९९३ च्या स्फोटांसाठीचं आरडीएक्स याच शेखाडीला उतरवलं होतं. आज तिथे लोक सेल्फी काढतात. आम्हीपण काढला.

श्रीवर्धनला मुक्काम केला. इथली रोठा सुपारी प्रसिद्ध. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं आणि पिढ्यान् पिढ्यांच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. सुपारी लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. सकाळी आजी एका वाडीत शिरली आणि चार रोपं घेऊन आली. "आपल्या परसात लावू." आमच्या गावच्या घराचे कौलं-वासेही त्याच वादळात गेले होते. बाबा काही बोलले नाहीत. रोपं आजीच्या पायाशी ठेवली.

आता, किनाऱ्याचा रस्ता एवढा रखडतो का? सह्याद्रीतून इकडे उतरणाऱ्या बहुतेक मोठ्या नद्या समुद्राला मिळताना रुंद खाडी करतात, आणि रस्ता तिथे तुटतो. हायवे आत आहे तो त्यामुळेच, तिकडे नद्या अरुंद. सावित्रीची बाणकोट खाडी अशीच. आंबेतच्या पुलावरून वळसा घाला, नाहीतर बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवा आणि दहा-पंधरा मिनिटांत वेसवीला उतरा. वेळा आधी विचारून घ्या, मॅपवर विसंबू नका.

बोट सुटली. आजीसाठी खिडकीच्या काचा खाली केल्या. ती म्हणाली, "लग्न होऊन मुंबईला गेले ती हर्णैहून. पडावात बसवलं, मग आगबोटीत. केवढी रडले होते!" आम्ही हसलो. बाबा हसले नाहीत. स्टिअरिंग धरूनच बसलेले, गाडी बंद असून.

मग म्हणाले, "आई, घरातल्या आपल्या हिश्श्याचा मी विसार घेतलाय. मार्चमध्येच. आता तुझी सही लागेल."

इंजिनाची धडधड तेवढी ऐकू येत होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लांबचा रस्ता समुद्रासाठी नव्हता. बाबांना पोचायचंच नव्हतं.

मी भांडणार होतो, पण विसाराचे पैसे कुठे गेले ते मला माहीत होतं. माझी शेवटच्या वर्षाची फी मार्चमध्येच भरली होती. बाबा म्हणाले होते, सोसायटीचं कर्ज काढलं. मी पुढे काही विचारलं नव्हतं. तो विषय अजून माझ्या घशात अडकलाय, म्हणून इथे बोलतोय.

आजीने एकच विचारलं, "किती घेतलेस?" बाबांनी आकडा सांगितला. ती खाडीकडे बघत राहिली.

गावात पोचलो. जोतं शाबूत, वर आभाळ. आजीने मला खड्डे खणायला लावले, चारही रोपं लावली आणि शेजारच्या काकूंना म्हणाली, "पाणी घाल गो बाय, उन्हाळ्यात येते मी." बाबा विहिरीपाशी उभे होते. तिने त्यांना हाक मारली नाही, रागावलीही नाही.

कागद अजून आमच्या टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहेत, सहीविना. मी नोकरी शोधतोय. विसार परत करता येतो का, हे एका वकिलांना विचारून ठेवलंय. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

परतीच्या सकाळी गाडीत बसताना आजी दोन दिवसांनी पहिल्यांदा बाबांशी बोलली.

"येताना फिरवलंस तेवढं पुरे. आता हायवेने चल."