आधी फाइल पक्की करा



पत्रिकेत माझा विषय 'बोलीभाषा आणि ऑनलाइन व्हिडिओ' असा छापलाय. बोली का जपायच्या, हे या व्यासपीठावरून तुम्ही भरपूर ऐकलंय; ते मी सोडून देतो. व्हिडिओवरून बोलीचा अभ्यास करणाऱ्यांकडे माझा हट्ट एकच आहे: टिपणं नंतर, आधी व्हिडिओची फाइल पक्की.

कोकणातल्या दशावतारी खेळाचं उदाहरण घेऊ. त्यातलं संकासुराचं पात्र मालवणीत काय बोललं, तेव्हा हात कसे केले, मृदंग कुठे वाजला, हे वेगवेगळ्या ओळींवर टिपायला ईलान नावाची संगणक प्रणाली आहे. नेदरलँड्समध्ये नायमेखनच्या माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेत ती घडली, फुकट मिळते. पण तिच्या टिपणांच्या फाइलीत व्हिडिओ नसतोच. असतो मजकूर आणि मिलिसेकंदांतली वेळ. उद्या तुम्ही त्याच खेळाची दुसरी प्रत उतरवली आणि तिच्या सुरुवातीला कुणी जाहिरात जोडलेली असली, तर गणपतीच्या स्तवनाचं टिपण थेट फरसाणाला चिकटतं! (हशा)

शिवाय दशावतार रात्रीचा. उजेड कमी पडला की बरेचसे मोबाइल सेकंदाला घ्यायच्या फ्रेम आपोआप कमी करतात. मग फ्रेम मोजून वेळ काढणारी प्रणाली चुकते.

फ्रेमवरून आठवलं. १९८२च्या एशियाडला रंगीत टीव्ही घेतलेले इथे किती जण आहेत? बघा, वयं कळली! (हशा) आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून चित्रं सेकंदाला २५. एका फ्रेमला ४० मिलिसेकंद, सरळ हिशेब. अमेरिकेत सेकंदाला ३० होती. १९५३ साली तिथे रंगीत प्रक्षेपणाचं मानक ठरलं, तेव्हा रंगाचा संकेत आवाजाच्या संकेताला त्रास देऊ लागला. तोडगा म्हणून वेग किंचित उतरवला: २९.९७. त्या वेळची ती तडजोड आजही आपल्या फाइलींत बसलीय. कुणी ते ३० धरून फ्रेम मोजल्या, तर तासाभरात ३.६ सेकंदांचा फरक पडतो. तेवढ्यात संकासुर एक विनोद करून मोकळा होतो.

मागे कुणीतरी म्हणतंय, "हे तंत्रज्ञाचं काम." नाही हो! कोणता शब्द कुठल्या हातवाऱ्याबरोबर आला, हाच ज्याचा अभ्यास, त्याची वेळ चुकली तर निष्कर्षच चुकला. हे काम अभ्यासकाचंच.

चिठ्ठी आली. दोन मिनिटं? बरं, फाइल पक्की कशी करायची, ते भरभर सांगतो. आधी व्हिडिओच्या मालकाची परवानगी. उतरवलेली मूळ प्रत बाजूला ठेवा, तिला हात लावू नका. यूट्यूबवर चित्र आणि आवाज पुष्कळदा वेगवेगळे साठवलेले असतात. ते नीट जोडून घ्या. मग एफएफएमपेग या संगणक प्रणालीने फ्रेमचा वेग एकसमान ठेवून एच.२६४ची एमपी४ प्रत करा. तिच्यातूनच डब्ल्यूएव्ही आवाज काढा, म्हणजे ईलानमध्ये ध्वनीचा आलेख दिसेल. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ओठ-आवाज जुळतात का, ते बघा. जुळले, तरच पहिलं टिपण.

जाता जाता एक विनंती. तुमच्या गावच्या जत्रेतल्या खेळाचं रेकॉर्डिंग घरी असेल, तर अभ्यासकाला जरूर द्या. पण व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तिथे तो दाबून लहान केला जातो. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर द्या, आणि सोबत खेळाची तारीख, गाव आणि मंडळाचं नाव लिहून द्या.