खाडीची वही

आम्ही देवगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या वाडीतल्या बचत गटाच्या बाया. आज आम्ही आमच्या एका वहीबद्दल बोलणार आहोत. हिशेबाची वही नव्हे, तिला आमची खजिनदार कोणाला हातसुद्धा लावू देत नाही. ही दुसरी, खाडीची वही.

सुरुवात झाली ती लाज वाटली म्हणून. आमच्यातल्या एकीच्या नातीला शाळेतून घराजवळच्या दहा झाडांची नावं लिहून आणायला सांगितलं होतं. आंबा, फणस, काजू, माड झाले. खाडीकडच्या झाडांपाशी मात्र आम्ही सगळ्या अडलो. "ती काय, खारफुटी!" एवढंच सांगता आलं. जन्म गेला तिच्या मुळांतून कुर्ल्या काढण्यात, आणि झाडांची नावं ठाऊक नाहीत. मग पडवीत बसलेल्या आजीने एकेक सांगितलं. पाण्यावर मुळांच्या कमानी टाकून उभं असतं ते कांदळ. ज्याच्या भोवती चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर येतात ते तिवर. ती मुळं हवा घेण्यासाठी वर आलेली असतात, म्हणून त्यांवर कचरा टाकू नये, झाड गुदमरतं. काटेरी पानांची ती मारांडी. आणि चिपी. चिपीची फुलं संध्याकाळी उमलतात आणि सकाळी गळून पडतात. रात्री वटवाघळं आणि पतंग त्यांच्यावर येतात. पांढऱ्या चिपीला २०२० साली महाराष्ट्राने राज्याचं कांदळवन वृक्ष ठरवलं, हे आम्हाला मागाहून कळलं. आमच्या न्हाणीघराच्या मागेच उभी आहे ती!

तेव्हापासून दर महिन्याच्या बैठकीत बचतीचे पैसे जमा झाले की प्रत्येकीने एक गोष्ट सांगायची, महिन्याभरात खाडीवर, किनाऱ्यावर काय दिसलं ती. जिचं अक्षर बरं ती लिहून घेते. तारीख लिहायची आणि तिथीही लिहायची. तिथी का? कारण भरती-ओहोटी तिथीवर चालते. आमच्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि नवाच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. अंदाजच तो, पण तिसऱ्या काढायला जाणारीला पुरतो.

वही भरत गेली तसा वर्षाचा फेरा दिसायला लागला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. त्या दिवसांत किनाऱ्यावर निळी, फुगीर, लांब दोऱ्यांची पिशवीसारखी वस्तू वाहून आलेली दिसली तर पोरांना लांब ठेवा. मेलेली वाटली तरी डंख होतो. पाऊस सरला की थंडीत कुरव येतात, आणि लाटेच्या कडेने तुरुतुरु धावणारे बारके पक्षी. वाळूवर मर्यादवेल पसरलेली असते, तिची जांभळी फुलं आपण पायाखाली तुडवत जातो. तीच वेल वाळू धरून ठेवते. थंडीतच रात्री कासविणी अंडी घालायला वर येतात. एकेका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात. किनाऱ्यावर घरटं किंवा जखमी कासव दिसलं तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पूर्वी ही अंडी आमच्याकडेही खाल्ली जात, ते लपवायचं कशाला.

पण वहीने आम्हाला खरं जागं केलं ते तिसऱ्यांच्या बाबतीत. दोन वर्षांच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या. पहिल्या वर्षी लिहिलं होतं, "अर्ध्या ओहोटीत टोपली भरली." दुसऱ्या वर्षी त्याच जागी, "ओहोटी संपेपर्यंत अर्धी टोपली, त्याही बारीक." बैठकीत शांतता झाली. जोरदार पावसात खाडीत गोडं पाणी फार आलं की तिसऱ्या मरतात, तसं झालं असेल, असं एकजण म्हणाली. दुसरी म्हणाली, पावसाचं नाव कशाला घेता, बारीकसुद्धा आपणच उचलतो ना?

मग बरंच बोलणं झालं. दिवाळीनंतर वाळूत बारीक पिल्लं दिसतात, तेव्हापासून पाच रुपयांच्या नाण्याहून लहान तिसरी घरी आणायची नाही, असं एकीने सुचवलं. तेवढ्यात एक काकी उठली. तिचा नवरा आजारी, होडी नाही, वर्षभर तिसऱ्या-कालवांवरच घर चालतं. ती म्हणाली, "वयनी, तुमच्या घरात पगार येता. माज्या घरात तिसऱ्यो येतत." त्यावर आमच्यापैकी कोणालाच चटकन उत्तर सुचलं नाही. तिचं खरं होतं.

शेवटी तोडगा तिच्याच तोंडून निघाला. बारीक सोडते, पण मोठ्या आहेत त्या खाडीच्या तोंडाजवळच्या वाळूत पहिल्यांदा आम्हाला जाऊ द्या, ज्यांना दुसरा धंदा नाही त्यांना. बाकीच्यांनी आपल्या हौसेसाठी त्या दिवसांत तिथे जायचं नाही. हौस म्हणजे पाहुण्यांसाठी किंवा मुंबईला डबा पाठवायला. हे मान्य करायला काही जणींना जड गेलं. मुंबईचा डबा म्हणजे लेकरांचा डबा ना. पण ठरलं. तिने घरातली जुनी चाळण आणली, तिच्या भोकांतून नाण्याएवढी तिसरी खाली पडते का, ते बघून पसंत केली. आता ती चाळण ओहोटीला आळीपाळीने फिरते.

यंदा त्या जागेची नोंद आहे, "पाऊण टोपली." पाऊस बरा पडला म्हणून की आमच्यामुळे, ते आम्ही सांगणार नाही. अजून दोन वर्षं लिहू, मग बोलू.

पलीकडच्या वाडीतल्या बाया मात्र अजून बारीकही नेतात. त्यांना रागावून काही होणार नाही. आमच्या काकीसारखं कारण त्यांच्याकडेही असेल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही तिकडे जाणार आहोत. तिळगुळाबरोबर वही आणि चाळण घेऊन जाऊ, आणि बोलायला काकीलाच पुढे बसवू.