विश्वाची मोजपट्टी कुठून आली?



१६३८ साली गॅलिलिओचे शेवटचे मोठे पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा तो फ्लॉरेन्सजवळच्या आपल्या घरात स्थानबद्ध होता. इटलीत ते छापणे शक्य नव्हते, म्हणून हॉलंडमधल्या लायडनला छापले गेले. त्या पुस्तकात हाडांचे एक चित्र आहे. एक हाड लहान, दुसरे त्याच्या तिप्पट लांब, पण जाडीने विलक्षण फुगलेले. गॅलिलिओचा हिशोब सरळ आहे. प्राण्याची लांबी, रुंदी, उंची सगळी तिप्पट केली, तर हाडाचा छेद नऊपट होतो आणि अंगाचे वजन सत्तावीसपट. नऊपट मजबूत हाडावर सत्तावीसपट ओझे येते. तेव्हा गोष्टीतला राक्षस माणसाच्याच बांध्याचा असेल, तर तो उभा राहताच मोडून पडेल. उंदराला हत्तीएवढे करता येत नाही. निसर्गाला लहानमोठे कळते.

मला आज या ‘कळण्या’विषयीच बोलायचे आहे. हे लहानमोठे निसर्गाला शिकवले कोणी? कारण मूळ नियम एकेक करून तपासायला घेतले, तर त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊकच नाही.

केप्लरचा तिसरा नियम घ्या. सूर्यापासूनचे अंतर चौपट केले की प्रदक्षिणेचा काळ आठपट होतो. हाच हिशोब गुरूच्या चंद्रांनाही तंतोतंत लागू पडतो, आणि त्यांच्या कक्षा तर ग्रहांच्या मानाने अगदी चिमुकल्या. गुरुत्वाकर्षणाच्या नियमात ‘इतके किलोमीटर’ असे कुठे लिहिलेले नाही. मॅक्सवेलची प्रकाशाची समीकरणेही तशीच आहेत. रेडिओची शेकडो मीटरची लहर आणि क्ष-किरणाची अणूएवढी लहर, दोन्ही एकाच समीकरणाची लेकरे. सगळी अंतरे आणि त्यांच्या जोडीने सगळे काळ योग्य पटीने वाढवले, तरी नियम जसाच्या तसा राहतो. भौतिकशास्त्रात याला स्केल सममिती म्हणतात. असे नियम म्हणजे कोपऱ्यात प्रमाण न छापलेला नकाशा. आकृती दिसते, पण हे गाव आहे की खंड, ते सांगता येत नाही.

प्रमाण छापले जाते ते अणूपाशी. हायड्रोजनचा अणू कोल्हापुरात असो की देवयानी दीर्घिकेत, तो तेवढाच असतो. हाडाची ताकद, दगडाची घनता, आपली उंची, सगळे शेवटी अणूच्या आकारावर येऊन ठेपते. आणि अणूचा आकार ठरतो इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाने. इलेक्ट्रॉन दुप्पट जड असता, तर अणू निम्म्या आकाराचा झाला असता. पुंज सिद्धांत आणि सापेक्षता एकत्र आणल्या की प्रत्येक वस्तुमानाच्या जोडीला एक लांबी येतेच. म्हणून ‘जगाला आकार कुठून आला’ हा प्रश्न ‘कणांना वस्तुमान कुठून आले’ असाही विचारता येतो, आणि तसा विचारला की त्यावर काम करता येते.

१९१८ साली हर्मन वाइल यांनी एक धाडसी कल्पना मांडली. लांबीचे माप जागोजागी आपापले असू द्यावे, आणि एका जागेचे माप दुसऱ्या जागेशी जुळवण्याच्या क्रियेतून विद्युतचुंबकीय बल निघावे. आइन्स्टाइनना गणित फार आवडले, तरी त्यांनी एकच आक्षेप घेतला, आणि तो त्याच लेखाबरोबर छापलाही गेला. असे असते, तर दोन हायड्रोजन अणू वेगवेगळ्या वाटांनी प्रवास करून एकत्र आल्यावर त्यांच्या वर्णरेषा जुळल्या नसत्या. दूरच्या ताऱ्यांतल्या रेषा तर काटेकोर जुळतात. वाइल यांनी १९२९ मध्ये तीच चौकट लांबीऐवजी पुंजलहरीच्या कलेला लावली, आणि आज मूलकणांची सगळी बले त्याच चौकटीत मांडली जातात.

याच धाग्यावर केंब्रिजमध्ये एका मराठी माणसाने मोलाचे काम केले. १९६४ साली फ्रेड हॉइल आणि जयंत नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. त्यात कणाचे वस्तुमान त्याचे स्वतःचे नसते. विश्वातल्या इतर सर्व कणांच्या प्रभावातून ते ठरते. या सिद्धांताची समीकरणे अशी आहेत, की मोजपट्टी ठिकठिकाणी आणि वेळोवेळी बदलली, तरी ती बदलत नाहीत. त्यातून निघणारे एक चित्र मी अनेकदा मनात घोळवतो. अवकाश प्रसरण पावत नाही, स्थिर आहे. काळाबरोबर वाढत जातात ती कणांची वस्तुमाने. पूर्वी इलेक्ट्रॉन हलका होता, म्हणून अणू मोठा होता, म्हणून त्याचा प्रकाश अधिक तांबडा होता. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश तांबडा दिसतो, तो असा! प्रसरणाचे नेहमीचे चित्र आणि हे चित्र यांतला फरक कुठल्याही दुर्बिणीला सांगता येणार नाही, कारण आपण मोजतो ते नेहमी दोन लांबींचे गुणोत्तर असते. दीर्घिकांमधले अंतर अणूच्या तुलनेत वाढले, एवढेच खात्रीने म्हणता येते. हायडेलबर्गचे क्रिस्टोफ वेटेरिख यांनी २०१३ मध्ये अशाच स्थिर विश्वाचे चित्र नव्याने मांडले, तेव्हा ते पुष्कळांना अगदी नवे वाटले. नारळीकरांनी महास्फोटाला अखेरपर्यंत विरोध केला, आणि तिथे माझ्या मते निरीक्षणे त्यांच्या बाजूने नाहीत. मात्र मोजपट्टी हीच तपासायची गोष्ट आहे, ही त्यांची नजर अगदी योग्य होती.

वस्तुमानाचा हाच प्रश्न घेऊन आता प्रोटॉनच्या आत जाऊ. १९६०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्डच्या सुमारे तीन किलोमीटर लांब यंत्रातून इलेक्ट्रॉनचा मारा प्रोटॉनवर केला गेला. प्रोटॉन मऊ गोळा असता, तर मारा जोरदार होत जाईल तसे आडवे फेकले जाणारे इलेक्ट्रॉन झपाट्याने कमी व्हायला हवे होते. तसे घडले नाही. ऊर्जा वाढवली तरी मिळणारा आलेख जवळजवळ तोच राहिला. जेम्स ब्यॉर्केन यांनी हे आधीच ओळखले होते. अर्थ असा, की आत आकार नसलेले, बिंदूसारखे कण आहेत. ते क्वार्क होते. या प्रयोगासाठी फ्रीडमन, केंडॉल आणि टेलर यांना १९९०चे नोबेल मिळाले.

‘जवळजवळ’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. आलेख अगदी तोच राहत नाही, अतिशय संथपणे सरकतो. १९७३ साली ग्रॉस, विल्चेक आणि पॉलिट्झर यांनी गणिताने दाखवून दिले, की क्वार्कांना बांधणारे बल जवळच्या अंतरावर हळूहळू क्षीण होते आणि दूर जाताना वाढते. मूळ समीकरणात लांबी नाही. पण बल असे बदलत असेल, तर कुठल्यातरी एका अंतरावर ते प्रबळ होणारच, आणि तिथे लांबी जन्माला येते. तेच अंतर प्रोटॉनचा आकार ठरवते. प्रोटॉनचे वस्तुमान ९३८ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. आतल्या तीन क्वार्कांच्या वस्तुमानांची बेरीज नऊच्या आसपास. उरलेले नव्व्याण्णव टक्के म्हणजे क्वार्क आणि त्यांना बांधणारे ग्लुऑन यांच्या हालचालीची आणि बंधनाची ऊर्जा. २००८ मध्ये महासंगणकांवर हे वस्तुमान थेट मूळ समीकरणांतून काढले गेले आणि प्रयोगाशी काही टक्क्यांच्या आत जुळले. तुम्ही-आम्ही साठ किलोचे असू, तर त्यातले एकोणसाठएक किलो लांबी नसलेल्या एका समीकरणातून आले आहेत. इतकी वर्षे हे शिकवूनही मला याचे नवल वाटायचे थांबलेले नाही.

अशीच ‘जवळजवळ’ सममिती आकाशात आहे. महास्फोटानंतर सुमारे तीन लाख ऐंशी हजार वर्षांनी सुटलेला प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सर्व दिशांनी येतो. त्याच्या तापमानात लाखात एक भागाइतके चढउतार आहेत, हे १९९२ मध्ये कोबे उपग्रहाने दाखवले. त्याच्या वीस वर्षे आधीच हॅरिसन आणि झेल्डोविच यांनी सुचवले होते, की आरंभीचे चढउतार लहान अंतरावर आणि मोठ्या अंतरावर सारख्याच तीव्रतेचे असावेत. पूर्ण सारखेपणासाठी एक आकडा बरोबर १ यायला हवा. मॉस्कोत मुखानोव्ह आणि चिबिसोव्ह यांनी १९८१ मध्ये हिशोब केला, तेव्हा पूर्ण सारखेपणा निघालाच नाही. त्यांच्या हिशोबात अगदी आरंभी विश्व अतिवेगाने फुगत होते, आणि तोवर सर्व अंतरांना एकच वागणूक मिळत होती. पण ते फुगणे थांबायचे होते, म्हणून त्याचा जोर हलके हलके ओसरत होता. उशिरा उमटलेले छोटे तरंग त्यामुळे थोडे दुबळे राहायला हवेत. प्लँक उपग्रहाने २०१८ मध्ये आकडा दिला ०.९६५, अनिश्चितता ०.००४. एकापासूनचे हे अंतर अनिश्चिततेच्या आठपटीहून जास्त आहे. २०२५ मध्ये चिलीतल्या अटाकामा दुर्बिणीची निरीक्षणे प्लँकच्या निरीक्षणांशी आणि दीर्घिकांच्या नकाशाशी जोडली, तेव्हा ०.९७४च्या आसपासचा आकडा मिळाला. फरक तिसऱ्या दशांशात पडतो खरा, पण स्टारोबिन्स्की यांच्या १९८०च्या प्रारूपासारखी काही आवडती प्रारूपे त्याने अडचणीत येऊ शकतात. सममिती पूर्ण असती, तर विश्वाचे फुगणे संपत आले होते याची ही खूण आपल्याला मिळालीच नसती.

राहिला इलेक्ट्रॉन. त्याचे वस्तुमान हिग्ज क्षेत्रातून येते. मूलकणांच्या आजच्या प्रमाण प्रारूपात हाताने घातलेली मिती असलेली राशी एकच आहे, हिग्जच्या वस्तुमानाची. ती शून्य धरली, तर कागदावरचे सगळे प्रारूप स्केल सममित होते. मग हीसुद्धा प्रोटॉनसारखी आपोआप उपजली असेल का? कोलमन आणि वाइनबर्ग यांनी १९७३ मध्येच तशी वाट दाखवली होती. साध्या रूपात ती वाट बंद झाली: त्यातून हिग्ज फारच हलका निघतो, आणि २०१२ मध्ये सर्नला सापडलेला हिग्ज प्रोटॉनच्या सुमारे १३३ पट जड आहे. आणखी काही अज्ञात कण धरले, तर मात्र ती पुन्हा उघडते. मला स्वतःला ती वाट खरी असावी असे वाटते. हे मत आहे, पुरावा नाही.

पुरावा कुठे शोधायचा हे मात्र सांगता येते. हिग्ज कण एकमेकांवर किती जोराने परिणाम करतात, ते मोजायचे. सममितीतून उपजलेल्या हिग्जच्या साध्या प्रारूपांत हा जोर प्रमाण प्रारूपाच्या सुमारे पाच तृतीयांश पट निघतो. त्यासाठी एकाच टकरीत दोन हिग्ज निर्माण झालेल्या घटना लागतात, आणि त्या अतिशय विरळ. सर्नच्या यंत्राची टकरींची संख्या वाढवण्याचे काम सध्या चालू आहे. ते यंत्र पूर्ण चालून झाल्यावर हा जोर साधारण तीस टक्क्यांपर्यंत नेमका कळेल अशी अपेक्षा आहे. पाच तृतीयांश म्हणजे सदुसष्ट टक्के जास्त. एवढ्या नेमकेपणाने इशारा मिळेल, निकाल लागणार नाही. त्यासाठी पुढचे, याहून मोठे यंत्र लागेल.