सायकलीला ट्यूब बरी की ट्यूबलेस?

मुलींच्या सायकलींवर बोलायला लागलो की एक प्रश्न हमखास येतो. स्कूटीला ट्यूबलेस टायर आले, पंक्चरची कटकट कमी झाली, मग पोरींच्या सायकलीला ते का नकोत?

प्रश्न रास्त आहे. पावसाळा सरला की पायवाटेवर सराटे वाळून पडतात, कुंपणासाठी तोडलेल्या बाभळीचे काटे रस्त्याकडेला असतात. शाळा चार किलोमीटर, पंक्चरचं दुकान बाजाराच्या गावात. सायकल एकदा भिंतीला टेकली की भाऊ म्हणतो उद्या नेतो, वडील म्हणतात रविवारी. आठवडा जातो. असं दोन-तीनदा झालं की घरात कुणीतरी म्हणतंच, "राहू दे आता शाळा." म्हणून आम्ही गटातल्या बायकांनी हा विषय जरा खोलात जाऊन समजून घेतला.

हवेचं टायर सायकलीमुळेच रुजलं. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी ते केलं. तेव्हापासून बहुतेक सायकलींची हवा ट्यूबमध्येच असते. टायर ती ट्यूब सांभाळतं. ट्यूबलेसमध्ये ट्यूब नसते. टायर आणि रिम मिळूनच हवा धरतात. स्कूटीचं चाक बहुधा अखंड ओतीव असतं, त्याला हवा जायला फट नाही. आपली सायकल मात्र तारांची. जुन्या काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा, आणि प्रत्येक तारेसाठी रिमला एक भोक! शिवाय टायरची कड घट्ट बसावी म्हणून ट्यूबलेस रिमला आत खास घडण लागते, ती साध्या रिमला नसते. म्हणजे नुसतं टायर बदलून भागत नाही. रिम, भोकं बंद करणारी पट्टी, वेगळा व्हॉल्व्ह, सगळंच आलं.

आणि आत एक पातळ औषध ओतावं लागतं. काटा घुसला की ते भोकाशी येऊन घट्ट होतं आणि बारीक भोक आपोआप बुजतं. गुण मोठा आहे, तो नाकारायचा नाही. पण औषध काही महिन्यांत वाळतं, आपल्या उन्हात आणखी लवकर, मग पुन्हा ओता. टायर रिमवर बसवताना एकदम जोरात हवा लागते, हातपंपाने ते बहुतेक वेळा जमत नाही. आणि काचेने टायर मोठं फाटलं तर वाटेवर शेवटी ट्यूबच घालावी लागते!

गटातल्या एकीचा मुलगा गिअरची, जाड टायरची सायकल डोंगरवाटांवर चालवतो. त्याची रिम ट्यूबलेससाठीच घडवलेली आहे. तो हवा कमी ठेवतो, दगडावर चाक आपटलं तरी चिमटून फुटायला आत ट्यूबच नाही. त्याला ट्यूबलेस शोभतं. शाळेच्या, दुधाच्या, शेताच्या सायकलीला आमचं मत ट्यूबच. बिघाड झाला तर पोरीला तो स्वतः काढता आला पाहिजे.

आणि तो येतो, मैत्रिणींनो. टायरची कड काढायला दोन स्टीलच्या चमच्यांचे दांडे पुरतात. स्क्रू-ड्रायव्हर नको, ट्यूब कापली जाते. ट्यूबमध्ये हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात फिरवा, बुडबुडे येतील तिथे खूण करा. ट्यूब कोरडी करून तेवढी जागा पॉलिश पेपरने खरखरीत करा, सोल्यूशन लावा आणि ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबा. इथेच सगळ्यांची घाई होते आणि पॅच सुटतो. मग पॅच दाबून बसवा. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून कापडाची घडी फिरवा. काटा टायरमध्येच राहिला असेल तर कापड अडकेल. तो काढला नाही तर शाळेच्या फाटकाशी पुन्हा पंक्चर.

काट्यांचा त्रास फारच असेल तर जुनी ट्यूब उभी कापून तिची पट्टी टायर आणि ट्यूबच्या मध्ये घाला. सायकल थोडी जड चालते, पण बारीक सराटे ट्यूबपर्यंत पोचत नाहीत. ट्यूबमध्ये ओतायचं औषधही मिळतं. ते बारीक भोकं बुजवतं, पण नंतर मोठं पंक्चर झालं तर ओल्या ट्यूबवर पॅच धरत नाही. आम्ही पट्टीच वापरतो.

एक मात्र आधी बघा. हवा रात्रीतून हळूहळू उतरत असेल तर ते पंक्चर नसेलही. व्हॉल्व्हवर थेंबभर पाणी टाका. बुडबुडा आला तर आतली वॉल ट्यूब, म्हणजे ती बारीक रबरी नळी, उन्हाने कडक होऊन चिरलेली असते. ती सायकलीच्या दुकानात मिळते. वीतभर आणून कंपासपेटीत ठेवा, एका वेळेला बोटभर तुकडा पुरतो.