नावाशिवाय मोजणी

व्यसनोपचाराची आकडेवारी म्हणजे अमली पदार्थांच्या व्यसनातून सुटण्यासाठी रुग्णालयात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात आलेल्या माणसांची मोजदाद. किती जण आले, कोणत्या पदार्थासाठी आले, पहिल्यांदा आले की पुन्हा, बरे होऊन गेले की उपचार अर्धवट सोडून, हे तिच्यावरून कळते. वरवर पाहता ही हिवतापाच्या रुग्णांसारखीच नोंद वाटते. पण हिवताप होणे हा गुन्हा नाही. अमली पदार्थ जवळ बाळगणे बहुतेक देशांत गुन्हा आहे आणि व्यसनाची बातमी फुटली, तर नोकरी, लग्न, भाड्याचे घर, मुलांचा ताबा असे सगळेच धोक्यात येते. आपले नाव कुठेतरी लिहिले जाणार, एवढ्या भीतीनेच माणूस उपचार टाळतो. आणि जो आलाच नाही, तो मोजलाही जात नाही. गोपनीयता सुटली की आकडाही खोटा पडतो, तो असा.

ब्रिटनमध्ये हा अनुभव येऊन गेला आहे. १९६८ पासून तिथल्या डॉक्टरांवर कायद्याचे बंधन होते : हेरॉइन किंवा कोकेनच्या व्यसनाचा रुग्ण आढळला, की तो गृहखात्याला नावानिशी कळवायचा. या यादीला ‘ॲडिक्ट्स इंडेक्स’ म्हणत. एकच रुग्ण दोन डॉक्टरांकडून औषध लिहून घेत नाही ना, याची खात्री तिच्यावरून करता येई. हा उपयोग खरा होता. पण ज्या खात्याकडे यादी, त्याच खात्याकडे पोलीस. नाव तिथे जाणार म्हटल्यावर रुग्णाला धास्ती वाटणारच. अनेक डॉक्टर रुग्ण कळवतच नसत. गांजा आणि ॲम्फेटामाइन यांची तर यादीत नोंदच नव्हती. १९९७ मध्ये ही यादी बंद झाली.

इंग्लंडमध्ये आज जी व्यवस्था चालते, तिचे नाव ‘नॅशनल ड्रग ट्रीटमेंट मॉनिटरिंग सिस्टिम’. ती आरोग्यखात्याकडे आहे. उपचार केंद्र रुग्णाला विचारून, त्याच्या संमतीने माहिती पाठवते. पूर्ण नाव आणि घराचा पत्ता जात नाही; नावाआडनावाची आद्याक्षरे, जन्मतारीख, लिंग आणि राहण्याचा ढोबळ भाग एवढेच जाते. एकच माणूस वर्षभरात दोन केंद्रांत गेला, तर तो दोनदा धरला जाऊ नये, यासाठी एवढी खूण पुरते. अर्थात चुका होतात. लग्नानंतर आडनाव बदललेली बाई दोन व्यक्ती ठरू शकते. तीच आद्याक्षरे आणि तीच जन्मतारीख असलेले दोघे एक ठरू शकतात. लाखोंच्या बेरजेत या चुका सोसतात. नाव मागून रुग्ण गमावण्याची चूक मात्र भरून काढता येत नाही.

तरीही या खुणेला निनावी म्हणता येत नाही. आद्याक्षरे आणि जन्मतारीख हाती आली, तर ओळखीचा माणूस सहज ओळखेल. म्हणून मूळ नोंदी मोजक्या लोकांनाच पाहता येतात आणि बाहेर फक्त तक्ते येतात. तक्तेही बेतानेच छापावे लागतात. एखाद्या तालुक्यात वर्षभरात हेरॉइनच्या उपचारासाठी एकच स्त्री आली असेल, तर तक्त्यातला ‘१’ हा आकडा त्या गावांपुरता तिचे नावच सांगतो. प्रचलित रीत अशी, की पाचाहून लहान आकडे झाकायचे. एक चौकट झाकून भागत नाही. बेरजेतून बाकीचे वजा केले, की झाकलेला आकडा उघडा पडतो. त्यामुळे दुसरीही एखादी चौकट झाकावी लागते, किंवा सगळेच आकडे पाचाच्या पटीत आणावे लागतात.

आकडे नीट गोळा झाले, तरी ते वाचताना घसरायला जागा पुष्कळ असते. इंग्लंडमध्ये २०२२-२३ या वर्षात सुमारे २ लाख ९१ हजार प्रौढांनी अमली पदार्थ किंवा दारू यांवर उपचार घेतले. हा आकडा व्यसनाचा नाही, उपचाराचा आहे. नवे केंद्र उघडले की तो वाढतो, निधी आटला की घटतो. व्यसन होते तेवढेच असते. मोजले काय, हेही पाहावे लागते. अमेरिकेतील एक मोठी राष्ट्रीय नोंद माणसे मोजत नाही, दाखल होण्याच्या वेळा मोजते. तीनदा दाखल झालेला माणूस तिथे तीनदा येतो. अशा दोन देशांची तुलना सरळ आकड्यांनी करणे चूकच.

वयाचे उदाहरण याहून बोलके आहे. इंग्लंडमध्ये हेरॉइनसाठी उपचार घेणाऱ्यांचे सरासरी वय वर्षानुवर्षे वाढत गेले. म्हातारपणी लोक हेरॉइनकडे वळू लागले, असा त्याचा अर्थ नाही. १९८० आणि १९९०च्या दशकांत ज्या तरुणांना ते लागले, तीच पिढी आता वयस्क झाली आहे. तिला दमा, यकृत आणि हृदयाच्या तक्रारी आहेत. ‘उपचार यशस्वी’ हा रकानाही असाच फसवा असतो. जे केंद्र सौम्य रुग्ण घेते, त्याचे यश जास्त दिसते. बेघर, तुरुंगातून सुटलेले, वीस वर्षे सुई टोचून घेणारे यांना जे केंद्र दार उघडते, ते तक्त्यात मागे पडते. क्रमवारी लावून अशा केंद्राचा निधी कापणे अन्यायाचे आहे.

उपचाराला न आलेल्यांचा अंदाज बांधण्याची पद्धत प्राणिगणनेतून आली. तळ्यातले काही मासे पकडून, खूण करून सोडायचे. पुन्हा जाळे टाकल्यावर त्यात खुणेचे किती सापडतात, यावरून एकूण मासे काढायचे. इथे जाळ्यांच्या जागी याद्या असतात : उपचाराची, पोलिसांची, तुरुंगाची. त्या जुळवायला आद्याक्षरांची खूण कामी येते. या रीतीने २०१६-१७ साठी इंग्लंडात हेरॉइनसारखे अफूवर्गीय पदार्थ किंवा क्रॅक कोकेन घेणारे सुमारे ३ लाख १४ हजार निघाले.

भारतात न आलेल्यांचा प्रश्न कितीतरी मोठा आहे. दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचे दिसले. कायदा उपचाराच्या बाजूने आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४-अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला ठरावीक अटींवर खटल्यापासून संरक्षण देते, आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा कलम २३ नुसार रुग्णाच्या माहितीची गोपनीयता राखायला लावतो. मात्र उपचार पूर्ण केले नाहीत, तर खटल्यापासूनचे ते संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. म्हणजे ‘उपचार अर्धवट सोडला’ ही केंद्रातली नोंद कोर्टातही जाऊ शकते. म्हणून गणनेचा तक्ता आणि कायद्यासाठीची नोंदवही एकमेकांपासून वेगळी ठेवणे आवश्यक आहे.

‘एम्स’च्या त्याच पाहणीत सत्तर हजारांवर व्यसनी माणसांपर्यंत पोहोचण्यासाठी साखळी पद्धत वापरली गेली. या पद्धतीत व्यसन असलेलाच माणूस ओळखीतल्या दुसऱ्याला घेऊन येतो. यादी कोणाकडेच नसते आणि यायचे की नाही, हे येणाराच ठरवतो. उपचार केंद्रांच्या नोंदींत कधीच न आलेली माणसे अशा रीतीने गणनेत आली.